शत्रूवाचून पेटणारी आग

डॅनियल मॅकार्टी आणि जेम्स फेअर्स हे फिलाडेल्फियातले दोन डॉक्टर. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक प्रयोग केला. आज कोणत्याही रुग्णालयाची नीतिसमिती तो होऊ देणार नाही. युरिक आम्लाच्या सोडियम क्षाराचे स्फटिक त्यांनी तयार केले, ते जंतुरहित केले आणि स्वतःच्याच धडधाकट गुडघ्यांत टोचून घेतले. काही तासांतच सांधे सुजले, तापले, ठणकू लागले. एखाद्या खवय्या गृहस्थाला मध्यरात्री पायाच्या अंगठ्यात उठणारी गाऊटची कळ या दोघांनी हौसेने, किंवा खरे तर जिज्ञासेपोटी, स्वतःच्या गुडघ्यात उठवून घेतली होती. १९६२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी हा अनुभव नोंदवला.

त्याच्या आदल्या वर्षी मॅकार्टी आणि जोसेफ हॉलंडर यांनी गाऊटच्या रुग्णांच्या सांध्यातील द्रव ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्यात सुईसारखे चकाकणारे स्फटिक दिसले होते. हे स्फटिक आजाराचे कारण आहेत की आजार होऊन गेल्यावर मागे उरलेला गाळ आहे, असा प्रश्न होता. गुडघ्यांनी त्याचे उत्तर दिले. पण त्या उत्तरातून एक मोठा प्रश्न उभा राहिला. त्या गुडघ्यांत जंतू नव्हता, जखम नव्हती, परक्या कुणाचे रक्त नव्हते. होता तो आपल्याच शरीरात रोज तयार होणाऱ्या एका पदार्थाचा कण. मग त्या कणावर शरीर एवढ्या त्वेषाने का तुटून पडले? मिठाच्या खड्यासारख्या निर्जीव वस्तूत पेशीला शत्रू कसा दिसला?

या प्रश्नाचे पेशीच्या पातळीवरचे उत्तर मिळायला २००६ साल उजाडले. त्या चव्वेचाळीस वर्षांत वैद्यकाला एक नवी रोगजाती सापडली, एक नवा शब्द घडवावा लागला आणि कित्येक कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्या दुखण्याचे नाव कळले. त्या शोधाची ही हकिकत आहे.

दाह आणि त्याचे दोन पहारेकरी

दाहाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहेत: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. पायात काटा मोडला की चारही आपल्याला भेटतात. पेशींच्या भाषेत याचा अर्थ असा, की तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती पाझरू लागतात आणि पांढऱ्या पेशींची कुमक त्या जागी पोचते. दाह हे उपचाराचे पहिले पाऊल आहे. तो झाला नाही तर साधी जखमही जीव घेईल.

शरीराच्या संरक्षणाची दोन दले आहेत. एक जन्मजात. मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल या पेशी त्या दलातल्या. त्यांना विशिष्ट शत्रूची ओळख लागत नाही. जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे, विषाणूंची जनुकीय द्रव्ये अशा काही ठरावीक खुणा दिसल्या की त्या मिनिटा-तासांत कामाला लागतात. दुसरे दल अर्जित प्रतिकाराचे. त्यात लिम्फोसाइट पेशी आणि प्रतिपिंडे येतात. हे दल शत्रूचा चेहरा शिकते, लक्षात ठेवते आणि नेमका त्याच्यावरच वार करते. लसीकरण चालते ते या दलाच्या स्मरणशक्तीवर.

संधिवातशास्त्रात विसाव्या शतकाचा बराच काळ दुसऱ्या दलाच्या चुकांचा अभ्यास चालला. ऱ्हुमॅटॉइड संधिवात किंवा ल्युपस या आजारांत प्रतिपिंडे स्वकीयांनाच परके समजतात. रक्तात ती प्रतिपिंडे मोजता येतात. अशा आजारांना स्वयंप्रतिकार विकार म्हणतात. ओळख चुकली म्हणून वार झाला, असे त्यांचे स्पष्टीकरण होते आणि ते पुष्कळसे बरोबरही होते. पण काही रुग्ण या चौकटीत बसत नव्हते. त्यांना ताप यायचा, सांधे सुजायचे, पोटात भयंकर दुखायचे आणि दोन-तीन दिवसांत सारे आपोआप निवळायचे. जंतू सापडत नव्हते आणि प्रतिपिंडेही सापडत नव्हती. रुग्णाला कसलेच प्रमाण देता येत नसे आणि डॉक्टरला कसलेच निदान.

कात्री कोण चालवते?

ताप का येतो, या प्रश्नावर चार्ल्स डिनारेलो यांनी अनेक वर्षे काम केले. पांढऱ्या पेशी असा कोणता पदार्थ सोडतात, की ज्यामुळे मेंदूतला तापमापक वरच्या अंकावर सरकतो? १९७७ मध्ये त्यांनी माणसाच्या पेशींतून हा पदार्थ शुद्ध केला. पुढे त्याला इंटरल्यूकिन-१ हे नाव रूढ झाले आणि १९८४ मध्ये त्याचे जनुक हाती आले. हा पदार्थ अत्यंत प्रभावी आहे. किंचितशी मात्राही थंडी, ताप, अंगदुखी आणायला पुरते.

इतके जहाल द्रव्य पेशी उघड्यावर ठेवत नाही. इंटरल्यूकिन-१ बीटा आधी निष्क्रिय रूपात तयार होते. तलवार म्यानात असावी तसे. त्याचा एक भाग कापला गेला तरच ते कामाचे होते. कापणारी कात्री, म्हणजे कॅस्पेज-१ हे विकर, १९९२ मध्ये सापडली. पण ही कात्रीही एरवी मिटलेलीच असते. ती कोण उघडते?

स्वित्झर्लंडमधल्या लोझान विद्यापीठातल्या युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेने २००२ मध्ये याचे उत्तर दिले. पेशीच्या आत धोक्याची चाहूल लागली की काही प्रथिने एकमेकांना बिलगून एक मोठा पुंजका तयार करतात. या पुंजक्यात तीन मुख्य घटक असतात: धोका ओळखणारे संवेदक प्रथिन, मधला दुवा आणि कॅस्पेज-१. अनेक कात्र्या जवळजवळ आल्या की त्या एकमेकींना उघडतात. या पुंजक्याला त्यांनी नाव दिले 'इन्फ्लमासोम'. 'सोम' हा ग्रीक 'सोमा' म्हणजे शरीर किंवा पिंड. आपण मराठीत त्याला 'दाहपिंड' म्हणू. योग्य रसायने वापरली तर पेशीत तयार झालेला हा पिंड सूक्ष्मदर्शकाखाली एकच ठळक ठिपका म्हणून दिसतो.

दाहपिंडाचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सर्वांत अभ्यासला गेलेला 'एनएलआरपी-३' या संवेदकाचा. त्याची रचना बँकेतल्या लॉकरसारखी आहे. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची आणि एक आपली. इथेही तसेच. जिवाणूची खूण किंवा दुसरा एखादा दाहाचा संदेश ही पहिली किल्ली. तिने पेशी निष्क्रिय इंटरल्यूकिन आणि संवेदक यांचा साठा करून ठेवते. दुसरी किल्ली म्हणजे पेशीच्या आतली गडबड: पोटॅशियम बाहेर गळणे, आतल्या पिशव्या फाटणे, अशा घटना. दोन्ही किल्ल्या फिरल्या तरच पिंड जमतो. एवढा बंदोबस्त असण्याचे कारण उघड आहे. पिंड जमल्यावर कॅस्पेज-१ आणखी एका प्रथिनाला कापते. त्याचे नाव गॅसडर्मिन-डी. कापलेले तुकडे पेशीच्या आवरणाला भोके पाडतात. त्या भोकांतून इंटरल्यूकिन बाहेर पडते आणि बऱ्याचदा पेशी फुगून फुटते. शिंग फुंकणारा पहारेकरी शिंग फुंकता फुंकता स्वतः कोसळावा, तसा हा प्रकार. गॅसडर्मिन-डीची ही भूमिका २०१५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवली: बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या आणि कॅलिफोर्नियातल्या विश्व दीक्षित यांच्या. दीक्षित हे केनियात जन्मलेले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ.

कुटुंबांच्या वाटेने

लोझानमध्ये पेशींचा अभ्यास चालू असताना दुसरीकडे काही डॉक्टर कुटुंबांचे वंशवृक्ष काढत बसले होते. त्यांची वाट वेगळी होती.

१९४५ मध्ये न्यूयॉर्कचे शेपर्ड सीगल यांनी काही रुग्णांचे वर्णन केले. त्यांना अधूनमधून ताप आणि पोटात असह्य वेदना यायच्या आणि त्या आपोआप जायच्या. भूमध्य समुद्राभोवतीच्या ज्यू, अरब, तुर्की आणि आर्मेनियन कुटुंबांत हा आजार विशेष आढळतो, हे पुढे स्पष्ट झाले आणि त्याला 'कौटुंबिक भूमध्यसागरी ज्वर' असे नाव पडले. झटका एक ते तीन दिवसांचा. पोट लाकडासारखे कडक होते, म्हणून अपेंडिक्स समजून रुग्णाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर घेतले जाई आणि आत निरोगी अपेंडिक्स सापडे. झटक्यांच्या मधल्या काळात माणूस ठणठणीत. त्यामुळे घरातल्यांना, मालकाला, शाळेतल्या मास्तरांना तो ढोंगी वाटे.

खरे संकट मात्र आवाज न करता वाढत असे. दाहाच्या वेळी यकृत एक प्रथिन मोठ्या प्रमाणात बनवते. वर्षानुवर्षे असे होत राहिले की त्याचे न विरघळणारे धागे मूत्रपिंडात साचतात. याला अमिलॉइडोसिस म्हणतात. ऐन तारुण्यात मूत्रपिंडे निकामी होऊन माणसे मरत, ती या साचलेल्या धाग्यांनी. चेष्टेचा विषय झालेला ताप असा जिवावर उठत असे.

डॅनियल कॅस्टनर हे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९८५ साली नव्याने रुजू झालेले संधिवाततज्ज्ञ. आर्मेनियन वंशाचा असा एक रुग्ण तिथे त्यांना भेटला आणि त्या आजाराचे जनुक शोधण्याचा ध्यास त्यांनी घेतला. बारा वर्षे गेली. १९९७ मध्ये दोन संघ एकाच वेळी मुक्कामाला पोचले. कॅस्टनर यांच्या आंतरराष्ट्रीय संघाने सोळाव्या गुणसूत्रावरच्या त्या जनुकाच्या प्रथिनाला 'पायरिन' म्हटले. ग्रीक 'पायर' म्हणजे अग्नी. फ्रेंच संघाने त्यालाच 'मॅरेनॉस्ट्रिन' म्हटले. रोमन लोक भूमध्य समुद्राला 'मारे नोस्ट्रुम', म्हणजे 'आमचा समुद्र' म्हणत. एका संघाला त्यात आग दिसली, दुसऱ्याला सागर. टिकले ते आगीचे नाव.

१९९९ मध्ये कॅस्टनर, मायकेल मॅकडरमॉट आणि सहकाऱ्यांनी आयरिश-स्कॉटिश वंशाच्या कुटुंबांत आढळणाऱ्या अशाच एका ज्वराचे जनुक शोधले. त्या शोधनिबंधात एक नवा शब्द मांडला होता: 'ऑटोइन्फ्लमेटरी', म्हणजे स्वयंदाही. या आजारांत ओळख चुकलेली नसते. प्रतिपिंडे निर्दोष असतात. बिघाड असतो जन्मजात दलाच्या गजरात. शत्रू नसताना, किंवा थंड वाऱ्याच्या झुळुकीसारख्या क्षुल्लक निमित्ताने, तो वाजत राहतो.

थंड वाऱ्याचा हा उल्लेख अलंकारिक नाही. काही कुटुंबांत गारवा लागला की काही तासांत अंगावर पुरळ, ताप, सांधेदुखी आणि डोळे लाल होणे असा क्रम सुरू होतो. १९४० पासून याची नोंद आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या मकल आणि वेल्स या डॉक्टरांनी एका कुटुंबातला याच्याच जवळचा आजार वर्णिला. त्यात पुरळ आणि तापासोबत हळूहळू बहिरेपणा येई आणि पुढे अमिलॉइडोसिस होई. हे दोन आजार वेगळे मानले जात होते. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातले हॅल हॉफमन यांनी दाखवले, की दोहोंचे मूळ एकाच जनुकात आहे. ते जनुक ज्या प्रथिनाचे, तेच आज एनएलआरपी-३ म्हणून ओळखले जाते.

इथे दोन्ही वाटा मिळाल्या. वंशवृक्षांतून सापडलेले प्रथिन आणि दाहपिंडाचा संवेदक एकच निघाला. या कुटुंबांत लॉकरची दुसरी किल्ली जन्मापासूनच अर्धी फिरलेली होती.

तसे असेल तर इंटरल्यूकिन-१ रोखल्यावर आजार थांबायला हवा. या पदार्थाला अडवणारे अनाकिन्रा हे औषध ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी आधीच बाजारात होते आणि तिथे त्याची कामगिरी बेताचीच होती. २००३ मध्ये लंडनच्या फिलिप हॉकिन्स यांनी ते मकल-वेल्स रुग्णांना दिले. लक्षणे काही तासांत ओसरली. २००४ मध्ये हॉफमन यांनी थंडीने आजारी पडणाऱ्या रुग्णांना आधी हे औषध देऊन मग थंड खोलीत बसवले. झटका आला नाही. २००६ मध्ये या गटातल्या सर्वांत तीव्र आजाराच्या १८ रुग्णांवर राफाएला गोल्डबाख-मान्स्की यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. हे रुग्ण जन्मल्यापासून पुरळ, ताप आणि मेंदूच्या आवरणाचा दाह सोसत होते. पुरळ गेले, डोकेदुखी कमी झाली, रक्तातल्या दाहाच्या खुणा खाली आल्या. संधिवातशास्त्रात कारण सापडणे आणि त्याच कारणावर बोट ठेवणारे औषध हाताशी असणे हा योग इतक्या लवकर क्वचितच जुळून आला असेल.

अंगठ्यातला स्फटिक

२००६ च्या मार्चमध्ये 'नेचर' नियतकालिकाच्या एकाच अंकात एनएलआरपी-३ बद्दल तीन शोधनिबंध पाठोपाठ छापून आले. एक विश्व दीक्षित यांच्या गटाचा. दुसऱ्याच्या प्रथम लेखिका तिरुमला-देवी कन्नेगंटी, तेलंगणातून अमेरिकेत गेलेल्या. तिसरा चॉप यांच्या गटाचा, आणि त्याचा विषय होता गाऊट. मॅक्रोफेज पेशी युरिक आम्लाचा स्फटिक गिळतात, पण तो त्यांना पचत नाही. त्या खटाटोपात दाहपिंड जमतो आणि इंटरल्यूकिन बाहेर पडते. ज्या पेशींत दाहपिंडाचे घटक नाहीत, त्या पेशी त्याच स्फटिकांपुढे शांत राहिल्या. फेअर्स आणि मॅकार्टी यांच्या गुडघ्यांत काय झाले होते, ते आता पेशीच्या पातळीवर सांगता आले. चॉप यांना पुढे फार काळ लाभला नाही. २०११ मध्ये आल्प्समध्ये भटकंती करत असताना त्यांचे निधन झाले.

निर्जीव कणात पेशीला शत्रू का दिसावा, याचेही उत्तर काहीसे मिळाले. मेलेल्या पेशींमधून युरिक आम्ल बाहेर पडते. म्हणून त्याचे स्फटिक हे 'इथे पडझड झाली आहे' असे सांगणारी खूण ठरतात. पहारेकऱ्याने परक्या माणसावर जितके लक्ष ठेवावे तितकेच घरातल्या जळक्या वासावरही ठेवावे, असे शरीराचे धोरण दिसते. त्यात माणसाच्या वाट्याला एक जास्तीची अडचण आली आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिक आम्लाचे पुढे विघटन करणारे विकर असते. आपल्या वानरपूर्वजांत ते जनुक फार पूर्वी निकामी झाले. त्यामुळे आपल्या रक्तात युरिक आम्ल काठोकाठ असते. शरीराच्या तापमानाला दर डेसिलिटरमागे सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते विरघळलेले राहणे अवघड, आणि थंडाव्यात त्याहूनही अवघड. पायाचा अंगठा हृदयापासून लांब आणि इतर अंगापेक्षा थंड. गाऊट तिथे आधी का गाठतो, याचे हे एक कारण.

कळलावी

पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांवर आणि झुडपांवर पानांच्या टोकांनी पकड घेत चढणारी एक वेल फुलते. पाकळ्या खाली पिवळ्या, वर लालभडक, कडा नागमोडी आणि सगळ्या वर उसळलेल्या. तिचे एक संस्कृत नाव अग्निशिखा. मराठीत ती कळलावी. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी तिचा कंद वापरत, म्हणून हे नाव. तमिळनाडूचे ते राज्यपुष्प आहे आणि तिथे बियांसाठी तिची शेती होते. आयुर्वेदात तिची गणना उपविषांत आहे. तिचा कंद खाण्यात येऊन विषबाधा झाल्याच्या नोंदी भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या वैद्यकीय साहित्यात आहेत. तेव्हा हा मजकूर वाचून कुणी रानात औषध शोधायला जाऊ नये.

कळलावीत कोल्चिसिन असते. हेच द्रव्य युरोप आणि पश्चिम आशियातल्या कोल्चिकमच्या कंदातही असते. तो कंद सांधेदुखीवर शतकानुशतके वापरात होता आणि युनानी वैद्यकात सुरंजान नावाने आजही आहे. १८२० मध्ये पेलतिये आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातला क्रियाशील भाग वेगळा काढला. सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढणारे हेच दोघे, आणि सालही तेच.

गाऊटवरचे हे जुने औषध भूमध्यसागरी ज्वराचे झटके टाळते, असे १९७२ मध्ये बॉस्टनचे स्टीफन गोल्डफिंगर यांनी एका छोट्या पत्रातून कळवले. पुढे इस्रायलमध्ये १०७० रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आणि १९८६ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेमाने गोळी घेणाऱ्यांत अकरा वर्षांनंतर मूत्रपिंडाच्या बिघाडाची खूण दिसण्याचे प्रमाण १.७ टक्के होते. गोळी टाळणाऱ्यांत नऊ वर्षांनंतर ते ४८.९ टक्के होते. पायरिन प्रथिनाचा शोध लागायच्या अकरा वर्षे आधी, आजार कशामुळे होतो हे कुणालाच ठाऊक नसताना, एका वनस्पतीच्या गोळीने माणसे वाचत होती.

कारण नंतर उलगडले. कोल्चिसिन पेशीच्या आतला सूक्ष्म नळ्यांचा सांगाडा मोडते. त्यामुळे न्यूट्रोफिलांची धाव मंदावते. शिवाय 'ऱ्होए' नावाचे एक प्रथिन जागे होते आणि ते पायरिनला शांत ठेवते. काही जिवाणू नेमके हेच प्रथिन बंद पाडतात. ते बंद पडले की पायरिनचा गजर होतो. प्लेगचा जिवाणू तर पायरिनला गप्प करण्यासाठी वेगळे हत्यार बाळगून असतो. २०२० मध्ये कॅस्टनर यांच्या गटाने दाखवले, की भूमध्यसागरी ज्वराची उत्परिवर्तने असलेले पायरिन त्या हत्याराला सहजी बधत नाही. भूमध्य समुद्राभोवती हे सदोष जनुक इतके पसरले, त्याचा अर्थ असा असू शकतो: प्लेगच्या साथींत ते बाळगणारे लोक जास्त वाचले. पणजोबांना जगवणाऱ्या पहारेकऱ्याची अतिदक्षता आज पणतूला तापाने फणफणवते.

हृदयापर्यंत

हे दुर्मीळ आजारांचे शास्त्र आता नित्याच्या आजारांपर्यंत आले आहे. रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या कोलेस्टेरॉलचेही स्फटिक होतात आणि तेही एनएलआरपी-३ ला चेतवतात, हे २०१० मध्ये दिसले. मग दाह रोखून हृदयविकार टळेल का? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅन्टोस चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ जणांचा सहभाग होता. इंटरल्यूकिन-१ बीटाला बांधून ठेवणारे कॅनाकिन्युमॅब हे औषध मधल्या मात्रेत दिल्यावर पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. कोलेस्टेरॉलला हातही न लावता. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू किंचित वाढले आणि एकूण मृत्युसंख्येत फरक पडला नाही. आग विझवण्याची किंमत असते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचित सापडेल. औषधाची किंमतही अमेरिकेत तेव्हा वर्षाला सुमारे दोन लाख डॉलर होती.

स्वस्त कोल्चिसिनकडे लक्ष वळले ते त्यामुळेच. २०१९ आणि २०२० मधल्या दोन मोठ्या चाचण्यांत त्याच्या अल्प मात्रेने हृदयविकाराच्या घटना अनुक्रमे २३ आणि ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ मध्ये अमेरिकेने या वापराला मान्यता दिली. २०२४ मध्ये मात्र सुमारे सात हजार रुग्णांच्या आणखी एका चाचणीत फायदा दिसला नाही. प्रश्न अजून खुला आहे.

तारखांची वही

आपल्याकडे ताप म्हटला की मलेरिया, डेंगी, टायफॉइड, क्षय यांचा विचार आधी होतो. तो तसाच व्हायला हवा. आपल्या देशात ते जास्त संभवतात. अडचण येते ती पुढे. तपासण्या पुन्हा पुन्हा कोऱ्या येतात, तरी दर तापाला नवे प्रतिजैविक सुरू होते. महिन्यामागून महिना मूल शाळेला मुकते आणि आईला ऐकवले जाते, की तुम्हीच फार काळजी करता.

अशा मुलांतल्या अनेकांना तीव्र आजार नसतो. १९८७ मध्ये अमेरिकेत वर्णिलेला एक प्रकार लहान मुलांत त्यामानाने पुष्कळ दिसतो: दर तीन ते सहा आठवड्यांनी घड्याळ लावल्यासारखा ताप, तोंड येणे, घसा लाल, मानेच्या गाठी. वाढ नीट होते आणि बहुतेकांत काही वर्षांत हे आपोआप थांबते. पण थोड्यांच्या बाबतीत मूत्रपिंड, कान, डोळे पणाला लागलेले असतात आणि तिथे उशीर परवडत नाही. वय झालेल्यांतही हे घडते. २०२० मध्ये कॅस्टनर यांच्याच संस्थेतून 'व्हेक्सस' नावाचा आजार पुढे आला. उतारवयातल्या पुरुषांच्या अस्थिमज्जेत एका जनुकात नव्याने बदल होतो आणि ताप, सांधे, त्वचा, फुप्फुसे, रक्त असे सगळे एकदम बिघडते. पहिल्या नोंदीत २५ पुरुष होते. त्यांना त्याआधी वेगवेगळ्या आजारांची नावे चिकटवली गेली होती.

यात घरच्यांना करण्यासारखे एक काम आहे, आणि त्याला वही-पेन्सिल पुरते. ताप कधी आला, किती दिवस राहिला, सोबत पुरळ, पोटदुखी, सांधेदुखी, डोळ्यांची लाली यांतले काय होते, मधले दिवस कसे गेले, आजोबा-आत्या-मावशी यांच्यात असे कुणी होते का. दाहाच्या रक्तचाचण्या तापात आणि ताप नसतानाही केल्या तर दोन्ही आकडे शेजारी लिहावेत. वर्षभराची अशी वही समोर आली की संधिवाततज्ज्ञाला किंवा बालरोगतज्ज्ञाला जी लय दिसते, ती एका भेटीत दिसणे शक्य नसते. जनुकचाचणी करायची की नाही, ते त्यानंतर ठरवता येते.

सीगल, मकल, वेल्स, कॅस्टनर या सर्वांनी सुरुवात अशीच केली होती. एका रुग्णाचे म्हणणे खरे मानून त्यांनी त्याच्या तापाच्या तारखा आणि त्याच्या नातेवाइकांची नावे लिहून घेतली. दाहपिंड पाहण्याइतका चांगला सूक्ष्मदर्शक त्यांतल्या पहिल्यांच्या हाती नव्हता. तो आल्यावर त्या ठिपक्याचा अर्थ लागला, कारण तारखा आधीच लिहिलेल्या होत्या.